‘तुमच्या घरी पिस्तूल आहे का?’ हे विचारायचं कसं

पत्राचा सारांश: टेक्सासमधल्या एका मोठ्या शहराच्या उपनगरातून एका आईचं पत्र आलं आहे. मूळच्या नाशिककडच्या, गेली १६ वर्षं अमेरिकेत. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा आठ. मुलाचा जिवलग मित्र मागच्याच गल्लीत राहतो आणि येत्या शनिवारी रात्री त्याच्याकडे स्लीपओव्हर ठरलं आहे. गेल्या आठवड्यात वरणभात कालवता कालवता मुलगा सहज बोलून गेला, ‘त्याच्या डॅडकडे खरी गन आहे, क्लॉझेटमध्ये.’ (‘चावी कुठे असते तेही मित्राला माहीत आहे म्हणे.’) त्याच सुमारास ओळखीतल्या एका भारतीय कुटुंबाकडे घरफोडी झाली, होतं नव्हतं ते सोनं गेलं. तेव्हापासून मिस्टरांनी पिस्तूल घ्यायचं मनावर घेतलं आहे. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात आलं, तेव्हा आता अडचण नाही, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, दिवसभर घरी एकट्या असतात. मुलगी नव्या शाळेत गेल्यापासून ‘खोलीतून फारशी बाहेर येत नाही’. ताई विचारतात: मित्राच्या आईला विचारलं तर राग येईल का? माणसं फार चांगली आहेत. मुलाला नीट समजावून सांगितलं तर तेवढं पुरेसं नाही का? आपण बाहेरून आलेली माणसं, इथल्यांच्या बंदुकीच्या भानगडीत कशाला पडायचं? आणि मिस्टरांना काय सांगू?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. घरात पिस्तूल असणं ही टेक्सासात बातमी नाही. आठ वर्षांच्या पोराला चावीची जागा ठाऊक असणं ही बातमी आहे. कदाचित तो नुसती फुशारकी मारत असेल, या वयात मारतातच. पण मुलांपासून लपवलंय असं मोठ्यांना जे वाटतं, ते मुलांना बहुधा ठाऊक असतं. वाढदिवसाची भेट कुठल्या कपाटात दडवली आहे ते तुमच्या मुलाला दरवर्षी कळतंच की.

तेव्हा विचारायचं का, हा प्रश्न माझ्या लेखी संपला. विचारायचं. कसं, एवढाच मुद्दा राहतो.

आपल्या माणसांची गंमत बघा. पहिल्या भेटीत घर केवढ्याला पडलं, हप्ता किती, मुलाचं पॅकेज काय, लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा का हलला नाही, हे सगळं आपण बिनदिक्कत विचारतो. आणि पोरगं रात्रभर ज्या घरात झोपणार तिथे भरलेलं पिस्तूल कुठे असतं, हे विचारताना मात्र आपली जीभ अडखळते. कारण तुमच्या मनात त्या प्रश्नाचा अर्थ ‘तुम्ही बेजबाबदार आहात का?’ असा होतो. समोरच्या बाईंच्या मनात तो तसा होईलच असं नाही. आपल्याकडे रात्री निजताना ‘गॅस खालून बंद केलास ना?’ असं सासू सुनेला विचारते, सून सासूला विचारते, आणि कोणी रुसून बसत नाही. इतक्याच रोजच्या सुरात हे विचारायचं आहे.

शिवाय तुम्ही काही जगावेगळं विचारत नाही आहात. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३च्या पाहणीत अमेरिकेतल्या साधारण ३२ टक्के प्रौढांनी स्वतःकडे बंदूक असल्याचं सांगितलं. घरातल्या दुसऱ्या कोणाकडे आहे असं सांगणारे धरले तर हा आकडा दहात चारांपर्यंत जातो. म्हणजे तुमचा मुलगा ज्या ज्या घरी खेळायला जातो त्यांतल्या बऱ्याच घरांत ती आहे, फक्त जेवताना विषय निघाला नाही म्हणून तुम्हाला कळलेलं नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आईवडिलांना हा प्रश्न विचारायला कित्येक वर्षांपासून सांगत आले आहेत. त्यासाठी २१ जून हा दिवससुद्धा ठरवलेला आहे, शाळांना सुट्टी लागून मुलं एकमेकांच्या घरी राहायला जाऊ लागतात त्या सुमाराचा.

समोरासमोर जमत नसेल तर मेसेज करा. मेसेजला उत्तर द्यायला माणसाला सवड मिळते, चेहरा सांभाळावा लागत नाही. त्यांचं विचारा, आणि सोबत आपल्या घराचंही सांगा. साधारण असं: ‘शनिवारची दोघं वाट बघतायत! आमच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही, पण रात्री दिवा लागतो. स्लीपओव्हरच्या आधी मी सगळ्याच घरी तीन गोष्टी विचारते: स्विमिंग पूलला कुंपण आहे का, कुत्रा अनोळखी मुलांत कसा वागतो, आणि घरात बंदूक असेल तर ती कुलपात, गोळ्या काढून ठेवलेली असते का. आमच्याकडे पूल नाही, कुत्रा नाही, बंदूक नाही.’ हे इंग्रजीत तुमच्या नेहमीच्या बोलण्यातल्या शब्दांत लिहा. पत्रकासारखं लिहू नका. आणि एकदा ‘सगळ्याच घरी विचारते’ म्हटलंत की पुढे खरोखरच सगळ्यांना विचारा. जोशींना आणि कुलकर्ण्यांनाही. भारतीय घरात बंदूक नसणार हे आपण गृहीत धरतो, आणि तुमचे मिस्टर काय घ्यायला निघालेत ते तुम्हीच लिहिलंय.

उत्तर काय येईल? माझा अंदाज सांगते. टेक्सासातला शिकारीबिकारीला जाणारा, बंदुकीसोबत वाढलेला माणूस या प्रश्नाने बहुधा दुखावणार नाही. उलट तो तुम्हाला गॅरेजमध्ये नेऊन तिजोरी दाखवेल आणि ती किती किलोची आहे तेही सांगेल. असं उत्तर आलं तर दुसरं पाऊल टाका, आणि ते टाळू नका: ‘मुलांच्या बोलण्यातून मला असं वाटलं की चावी कुठे असते ते त्यांना माहीत आहे. नुसत्या गप्पाही असतील, पण मी तुमच्या जागी असते तर मला कोणीतरी सांगावं असं वाटलं असतं.’ एवढंच. ‘तुमचा मुलगा म्हणाला’ असं म्हणू नका. त्या पोराला ओरडा बसला तर दोन्ही मुलं पुढच्या वेळी मोठ्यांसमोर तोंड उघडणार नाहीत, आणि आज तुम्हाला जे कळलं ते केवळ मुलं मोकळेपणाने बोलतात म्हणून कळलं. तुमच्या मुलालाही, हे सांगितलंस ते बरं केलंस, असं म्हणा. चौकशीची सरबत्ती नको.

‘उंचावर ठेवलंय, पोरांचा हात पोचत नाही’ असं उत्तर आलं, किंवा ‘आमची मुलं हात लावणार नाहीत, त्यांना शिस्त आहे’ असं आलं, तर ते ‘नाही’ समजा. वाद घालू नका. पोरांना तुमच्याकडे खेळायला बोलवा.

इथे तुमचं ‘माणसं फार चांगली आहेत’ हे वाक्य घेते. असतीलच. पण माणसांच्या चांगुलपणाने कपाटाला कुलूप लागत नाही. जानेवारी २०२३मध्ये व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज गावी पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने वर्गात आपल्या बाईंवर गोळी झाडली. बाई वाचल्या. पिस्तूल त्याच्या आईचं होतं, कायदेशीर विकत घेतलेलं. ते कपाटात उंचावर कुलूप लावून ठेवलं होतं, असं कुटुंबाकडून सांगितलं गेलं. तपासात असं कुलूप काही सापडलं नाही. आई तुरुंगात गेली. मुलाच्या मनात काय होतं याची चर्चा खूप झाली. मला त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की सहा वर्षांचं मूल ते घरातून उचलून दप्तरात घालून शाळेत नेऊ शकलं.

दुसरं उदाहरण मिशिगनमधल्या ऑक्सफर्डचं, आणि ते तुमच्या मिस्टरांनीही वाचावं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, जेव्हा सगळी अमेरिका टीव्ही आणि बूट घ्यायला रांगा लावते, तेव्हा एका बापाने पंधरा वर्षांच्या मुलाला सोबत नेऊन ९ एमएमचं पिस्तूल घेतलं. दुसऱ्या दिवशी आई त्याला नेमबाजीच्या रेंजवर सरावाला घेऊन गेली. मंगळवारी, ३० नोव्हेंबर २०२१ला, सकाळी शाळेने आईवडिलांना बोलावून घेतलं: मुलाने गणिताच्या कागदावर पिस्तुलाचं आणि रक्ताचं चित्र काढलं होतं. आईवडील बोलले आणि मुलाला तिथेच सोडून निघून गेले. घरी पिस्तूल आणलंय हे त्यांनी शाळेला सांगितलं नाही, शाळेने दप्तर उघडून पाहिलं नाही. त्या दुपारी चार विद्यार्थी मेले. पिस्तुलासोबत दुकानातून मिळालेलं केबलचं कुलूप घरात सापडलं ते पाकिटातच, न उघडलेलं. २०२४मध्ये दोन वेगवेगळ्या ज्यूरींनी आधी आईला आणि मग वडिलांना मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं. दोघांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना असं दोषी धरलं जाण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्जियातल्या एका शाळेत चौदा वर्षांच्या मुलाने चौघांना मारलं. त्याला रायफल नाताळची भेट म्हणून देणाऱ्या वडिलांवरही खटला भरला गेला.

आता ‘मुलाला समजावून सांगितलं तर पुरेसं नाही का?’ सांगा, जरूर सांगा. खरी वाटली, खोटी वाटली, कुठेही बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं, मला फोन करायचा, मी रात्री दोन वाजताही न्यायला येईन आणि रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. पण या सांगण्यावर भिस्त ठेवू नका. अटलांटातल्या डॉक्टरांनी ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात २००१ साली एक प्रयोग मांडला होता. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत बसवलं. तिथल्या खणात एक खरं, पण गोळी उडणार नाही असं केलेलं पिस्तूल होतं. बहुतेक गटांना ते सापडलं, सापडलेल्यांपैकी बहुतेकांनी ते हाताळलं, काहींनी चाप ओढला. कित्येकांना ते खेळणं आहे की खरं, याची खात्री नव्हती. आणि हाताळणाऱ्यांत बहुतेक सगळे असे होते की ज्यांना बंदुकीबद्दल आधी कोणी ना कोणी समजावून सांगितलेलं होतं.

यात मुलांचा वाह्यातपणा नाही. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल हातात आलं की आधी कोणावर तरी रोखूनच पाहायचं, हे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी केलंय. तुमच्या मुलाच्या खोलीत एखादी फोमच्या गोळ्या उडवणारी नर्फ गन असेलच. आठव्या वर्षी कुतूहल हे असंच असतं आणि मित्रासमोर तर ते दुप्पट होतं. म्हणून जबाबदारी मुलाच्या समजूतदारपणावर टाकायची नाही. ज्याच्या हातात चावी, त्याची जबाबदारी. तुमच्या सगळ्या पत्राला माझं उत्तर खरं तर एवढंच आहे.

‘आपण बाहेरून आलेली माणसं’ या मुद्द्यावर मी तुमच्याशी जरा भांडणार आहे. तुमचा मुलगा शाळेत लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा सराव, करतो: दिवा बंद, दार बंद, भिंतीला चिकटून गप्प बसायचं. तो बाहेरून आलेला नाही. त्याची शाळा तीच, त्याचा मित्र तोच. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्याआधी गाडीचे अपघात होते. गाड्यांच्या बाबतीत सीट बेल्ट आला, मुलांची कार सीट आली, एअरबॅग आली, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची रस्त्यावर तपासणी आली. बंदुकीच्या बाबतीत गंमत अशी की ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी आयोगाला खेळण्यातल्या पिस्तुलावर अधिकार आहे, खऱ्यावर नाही. २००५च्या एका केंद्रीय कायद्याने बंदूक बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षणही दिलं. वरच्या पातळीवर हे असं असल्यामुळे सगळा भार खाली घरापर्यंत येतो. तुमच्या गल्लीतल्या कपाटापर्यंत. भारतीय वंशाचे डॉ. विवेक मूर्ती अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल देशाशी बोलणारे सरकारी डॉक्टर, होते तेव्हा जून २०२४मध्ये त्यांनी बंदुकीचा हिंसाचार हे सार्वजनिक आरोग्याचं संकट असल्याचं जाहीर केलं. त्यांना कोणी सांगितलं असेलही, तुम्ही कशाला पडता या भानगडीत.

आणि कुलपाचा प्रश्न विचारणं म्हणजे बंदूक बाळगण्याचा हक्क देणाऱ्या त्यांच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवर हात टाकणं नव्हे. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा वैयक्तिक हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये मान्य केलाय, आणि त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही म्हटलंय. बंदूक उद्योगाचीच जी राष्ट्रीय संघटना आहे, ती पोलीस ठाण्यांमार्फत फुकट केबल लॉक वाटते. बंदूकविरोधी आया आणि बंदूक विकणारे दुकानदार ज्या एका गोष्टीवर एकत्र येतात ती म्हणजे कुलूप. तेवढ्यावरच बोला. शेजाऱ्याशी राजकारण काढायची गरज नाही.

आता मिस्टरांचं. सगळ्यात आधी त्यांची भीती खोटी ठरवू नका. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं, हे अमेरिकेतल्या चोरांच्या टोळ्यांना चांगलं माहीत आहे. ठिकठिकाणच्या पोलिसांनी भारतीय कुटुंबांना तसे इशारे दिलेले आहेत. घरात म्हातारी आई आणि दोन पोरं असताना माणसाची झोप उडणारच. ‘तुम्हाला काय कळतंय पिस्तुलातलं’ असं म्हणालात तर उद्याच जाऊन घेऊन येतील.

कायद्याचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ग्रीन कार्डवाला पार्श्वभूमीची तपासणी पार करून पिस्तूल घेऊ शकतो. पण हे सदर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेले, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकणारे बरेच जण वाचतात, त्यांच्यासाठी ठासून सांगते: तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. राज्याचा शिकारीचा परवाना असला तर अपवाद आहे, आणि व्हॉट्सॲपवर कोणीतरी दर महिन्याला ही युक्ती सांगत असतं. बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा. इमिग्रेशनच्या वकिलाला फी देऊन विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. ताई, तुमच्या सासूबाई तर व्हिजिटर व्हिसावर आल्या आहेत. ‘मी ऑफिसात असताना आईजवळ असू दे’ हा विचार मिस्टरांच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडायला सांगा.

मग त्यांच्याशी बसून एकच गोष्ट बोला: चोर येतो केव्हा? अमेरिकेच्या न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाच्या अभ्यासानुसार चारपैकी जवळजवळ तीन घरफोड्यांच्या वेळी घरात कोणी नसतं. ओळखीतल्या त्या कुटुंबाकडेही बहुधा तसंच झालं असणार. रिकाम्या घरातलं पिस्तूल चोराला अडवत नाही. तो ते सोन्याबरोबर घेऊन जातो, आणि मग तुमच्या नावावर विकत घेतलेलं पिस्तूल कोणाच्या हातात फिरतंय याची काळजी आयुष्यभराची. सोन्याची भीती असेल तर सोन्याचा बंदोबस्त करा. पाटल्या, तोडे, लग्नातला हार बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. रोजचं मंगळसूत्र आणि दोन बांगड्या घरात पुरेत. घराच्या विम्याचे कागद उघडून बघा. बऱ्याच पॉलिसींत दागिन्यांच्या चोरीची भरपाई अवघ्या १,५०० डॉलरच्या आसपास थांबते. त्यावर दागिन्यांसाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते, आणि त्यासाठी सोनाराचं मूल्यांकन व फोटो लागतात. अलार्म, मागच्या दाराला चांगला बोल्ट, कॅमेरा. आणि ‘नाशिकला निघालो, सहा आठवडे!’ असं विमानतळावरून फेसबुकवर टाकायची आपली हौस आवरा. मंडळाच्या गणपतीत काढलेले दागिन्यांसकटचे फोटोही जगजाहीर नकोत.

एवढं करूनही रात्रीची भीती उरेल. ती उरतेच. तिच्यासाठी पिस्तूल हा उपाय आहे का, हे तोलताना दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघावं लागतं, आणि इथे मला तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या एका ओळीकडे यायचंय. मुलगी खोलीतून फारशी बाहेर येत नाही. तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात.

टीव्हीवर आपल्याला शाळा आणि मॉलमधले गोळीबार दिसतात. पण २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने जे जवळपास ४६,७०० मृत्यू झाले त्यांतले २७,००० हून अधिक आत्महत्येचे होते. निम्म्याहून कितीतरी जास्त. त्यांची बातमी होत नाही. नातेवाइकांना फोन जातात, शेजारी डबे आणून देतात आणि कपाट आवरलं जातं. आत्महत्येचा प्रयत्न बंदुकीने झाला तर दहापैकी साधारण नऊ वेळा माणूस वाचत नाही. इतर बहुतेक मार्गांत वाचवायला वेळ मिळतो, आणि एकदा वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. तो क्षण टळला तर माणूस जगतो. ह्यूस्टनमध्ये तरुणांच्या जिवावर बेतलेल्या प्रयत्नांचा एक अभ्यास झाला होता: विचार पक्का होणं आणि प्रयत्न करणं यांत सुमारे चौथ्या हिश्शाच्या तरुणांनी पाच मिनिटंसुद्धा घेतली नव्हती. कॅलिफोर्नियात लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२०मध्ये जो मोठा अभ्यास आला, त्यात पिस्तूल बाळगणारे पुरुष स्वतःच्या गोळीने मरण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठपट होतं. बायकांत ते त्याहून कितीतरी जास्त.

मुलीचं काही वाईट होईल असं मी म्हणत नाही. चौदाव्या वर्षी नवी शाळा म्हटल्यावर खोलीचं दार बंद होणं हे निम्म्या घरांत चालू असतं. पण पिस्तूल घरात आणायच्या आधी तिच्या दारावर टकटक करा. जेवायला ये म्हणून नव्हे; बसायला. गाडीत शेजारी बसून, समोर रस्त्याकडे बघत मुलं जास्त बोलतात, तसं करून बघा. जेवणझोप बिघडली असेल, मित्रमैत्रिणी तुटल्या असतील, ‘मी नसले तर बरं’ असलं काही तोंडातून आलं असेल, तर जगणं नकोसं वाटतं का असं सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. शाळेच्या कौन्सेलरशी, डॉक्टरांशी बोला. ९८८ हा अशा वेळी मदतीसाठीचा नंबर दिवसरात्र चालतो, आईबापांनीसुद्धा फोन केलेला चालतो.

माझं मत विचाराल तर, पिस्तूल घेऊ नका. तुमच्या घरात कुतूहलाच्या वयाचा मुलगा, कोमेजलेली मुलगी आणि दिवसभर एकटी असणारी सासू आहे. तुमच्या घरासाठी खणातला धोका दारातल्या धोक्यापेक्षा मोठा आहे. दुसऱ्या घराचं गणित निराळं असू शकेल. ओसाड रानात एकट्या राहणाऱ्या, लहानपणापासून बंदूक हाताळलेल्या माणसाला मी हेच सांगेन असं नाही.

मिस्टरांनी तरी घ्यायचंच ठरवलं तर रुसून बाजूला होऊ नका, अटी घाला. तिजोरी आधी येईल, पिस्तूल नंतर. बोटाच्या ठशावर किंवा आकड्यांवर काही सेकंदांत उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या मिळतात, त्यामुळे ‘वेळेला हाताशी नको का?’ हा मुद्दा बराचसा निकालात निघतो. आकडे म्हणून मुलांचे वाढदिवस नकोत, चार शून्यं तर नकोतच. पिस्तूल रिकामं, गोळ्या वेगळ्या कुलपात. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ते कधीच राहणार नाही. अमेरिकेत चोरीच्या बंदुकांचा मोठा साठा लोकांच्या गाड्यांतूनच गेलेला असतो. प्रशिक्षण दोघांनी घ्यायचं. आणि एक अट लेखी: घरातलं कोणीही, मिस्टरसुद्धा, नोकरी जाऊन, आजारपणाने, कशानेही खचलेलं दिसलं तर दुसऱ्याने शब्द काढताच पिस्तूल घराबाहेर जाईल. काही दुकानं आणि रेंज ठेवून घेतात, आधी चौकशी करून ठेवा.

टेक्सासचा कायदाही त्यांना दाखवा. भरलेलं पिस्तूल निष्काळजीपणे ठेवलं आणि ते १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो तिथे गुन्हा आहे. दंड ५०० डॉलरपर्यंत. मुलाने गोळी झाडून कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर वर्षभरापर्यंत कैद. दुकानात तशी पाटी लावणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे, मिस्टर गेले तर वाचतीलच. पण लक्षात घ्या, हा कायदा जागा होतो तो मुलाच्या हाती पिस्तूल लागल्यानंतर. मॅसॅच्युसेट्समध्ये मूल असो नसो, वापरात नसलेली बंदूक कुलपातच हवी. मिशिगननेही ऑक्सफर्डनंतर मुलं असलेल्या घरांसाठी तसा कायदा केला, तो फेब्रुवारी २०२४पासून लागू आहे. आपापल्या राज्याचा नियम बघून ठेवा, मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

राहिला शनिवार. मेसेज आजच पाठवा, शुक्रवारी रात्री नको. समोरच्यांना तिजोरी किंवा निदान एक कुलूप आणायला वेळ मिळू द्या. उत्तर नीट आलं, चावीचं त्यांनी मनावर घेतलं असं दिसलं, तर मुलाला पाठवा आणि निवांत झोपा. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर स्लीपओव्हर तुमच्याकडे करा. पिझ्झा मागवा, दिवाणखान्यात गाद्या घाला, सासूबाईंना भुताची गोष्ट सांगायला बसवा. दोन्ही पोरांना त्यातलं राजकारण कळायचं कारण नाही. फक्त एक तयारी ठेवा: पोराला तुमच्याकडे पाठवताना ती आई उलट तुम्हालाच विचारील, ‘आणि तुमच्याकडे?’ तिला तो पूर्ण हक्क आहे. तेव्हा मिस्टरांशी बोलणं शनिवारच्या आत उरकून घ्या.